'यू' म्हणजे तू की तुम्ही?

इंग्रजी शिकायला शाळेतच जावे लागते, असे काही नाही. आसनगावच्या चाळीत राहणारी, जन्मात शाळेची पायरी न चढलेली एखादी आई सकाळी काय म्हणते ते ऐका. "लाईट गेली, मोटर बंद पडली, गॅस संपला, लोकल चुकली, आता लेटमार्क लागणार!" एका दमात पाच इंग्रजी शब्द. आणि तिला विचारले की 'बाई, तुला इंग्रजी येते का?' तर ती पदर तोंडाला लावून हसेल आणि म्हणेल, "आम्हाला कुठलं आलंय इंग्रजी!"

वाचकहो, या अंकात आम्ही अशाच शब्दांची थोडी गंमत सांगणार आहोत. गंमतच आहे, पण नुसती गंमत नाही. शब्दांनी आपल्या लोकांना दाराबाहेर ठेवले आहे आणि शब्दांनीच दार उघडूनही दिले आहे.

घरात शिरलेले पाहुणे

'लाईट' म्हणजे उजेड. पण आपल्याकडे भर दुपारी उन्हातही 'लाईट जाते', कारण आपल्या लेखी लाईट म्हणजे वीज. 'लोकल' म्हणजे जागच्या जागची, स्थानिक. आपली कसारा लोकल मात्र पहाटेच माणसांना गावातून उचलते आणि थेट मुंबईत नेऊन सोडते. मुरबाडची माणसे एस.टी.वर वाढली. तिला कुणी 'ईस्टी' म्हणते, कुणी 'यष्टी'. यष्टी म्हणजे संस्कृतात काठी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना कल्याणच्या दवाखान्यापर्यंत नेणारी गाडी ती, आधाराची काठीच म्हणा ना!

बायाबापड्यांना आवडता इंग्रजी शब्द विचारला तर बहुतेक जणी 'टेन्शन' म्हणतील. टेन्शन म्हणजे ओढलेल्या दोरीचा ताण. शेतावरून गेलेल्या तारांच्या खांबावर 'हाय टेन्शन' लिहिलेले असते तेही हेच. इंग्रज माणूस टेन्शन 'घेत' नाही आणि 'देत'ही नाही. ही देवाणघेवाण आपण सुरू केली.

काही शब्दांची तर जोडणीच मिश्र आहे. 'नापास' पाहा. 'ना' नाराज, नापसंत, नालायक यांच्यातला फारसी, आणि 'पास' इंग्रजी. दोघे एकत्र आले आणि आपल्या पोरांच्या प्रगतिपुस्तकावर येऊन बसले. 'पोलीसपाटील' हाही अर्धा इंग्रजी, अर्धा मराठी. मुरबाडच्या एम.आय.डी.सी.तला कामगार 'फुल पगारी रजा' मागतो तेव्हा तो तीन भाषा बोलत असतो. 'फुल' इंग्रजी, 'पगार' पोर्तुगीज, 'रजा' अरबी. वसईवर १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. ते गेले. पगार, चावी, घमेले, बटाटा आणि पाव मात्र आपल्याकडे राहिले.

कसाऱ्याचा बँकर

'बँकर' म्हटले की डोळ्यापुढे कोट घातलेला, पैसे मोजणारा माणूस येतो. पण कसाऱ्याच्या रेल्वे कामगाराला विचारा. तो सांगेल, बँकर म्हणजे गाडीला मागून ढकलणारे इंजिन. कसाऱ्याहून इगतपुरीकडे जाणारी थळ घाटातली चढण ३७ फुटांना १ फूट अशी आहे. ती रेल्वे १८६५ साली सुरू झाली आणि तिथे आजही गाड्यांना मागे जादा इंजिने जोडावी लागतात.

मग बँकेचा आणि घाटाचा संबंध काय? थेट असा काही नाही. इंग्रजीत बँक हे दोन वेगळे शब्द एकाच कपड्यात फिरतात. नदीचा काठ, मातीचा उंचवटा ही एक बँक. त्यावरून रेल्वेच्या भाषेत चढण म्हणजे बँक आणि चढणीवरचे इंजिन म्हणजे बँकर. दुसरी बँक इटलीतून आली. तिकडे सराफ बाकावर बसून नाणी बदलत. त्या बाकाचे नाव 'बांका'. त्याचीच पुढे पैशाची बँक झाली. एक बँकर घाट चढवतो आणि दुसऱ्याचा हप्ता थकला की काय होते, ते आपणास ठाऊकच आहे.

कर्जातला मुका 'बी'

पोरे नेहमी विचारतात, 'पी यू टी पुट, तर बी यू टी बुट का नाही?' हा प्रश्न 'चुपके चुपके' या १९७५ च्या सिनेमातही येतो आणि सगळे हसतात. पण ज्या पोराला या हसण्यापायी वर्गात छड्या बसल्या, त्याला ते हसू येत नाही. म्हणून मुलांना कारण सांगावे.

मराठी आपण जशी बोलतो, जवळजवळ तशीच लिहितो. इंग्रजीचे तसे नाही. इंग्लंडात छापखाना १४७६ साली आला. छापणाऱ्यांनी स्पेलिंगे हळूहळू कायम केली, पण लोकांचे बोलणे बदलत राहिले. लिहिणे मागे राहिले, बोलणे पुढे गेले. 'नाईफ' म्हणजे चाकू. त्याच्या आरंभीचा 'के' आज मुका आहे, पण पूर्वी इंग्रज तो खरोखर उच्चारत.

काही मुकी अक्षरे तर विद्वानांनी मागाहून घुसडली. 'डेट' म्हणजे कर्ज. त्यात एक 'बी' आहे, जो कुणी उच्चारत नाही. हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात तो नव्हता. पुढे पंडितांना वाटले, मूळ लॅटिन शब्दात 'बी' आहे, तेव्हा इथेही दाखवला पाहिजे. दाखवला! सावकाराच्या वहीतल्या व्याजासारखा हा 'बी' तोंडाने कुणी बोलत नाही, पण लिहिताना चुकवता येत नाही.

तेव्हा आईबापांनो, पोराचे स्पेलिंग चुकले तर त्याच्या डोक्यात टपली मारू नका. स्पेलिंग चुकणे म्हणजे बुद्धी कमी असणे नव्हे. जॉर्ज बर्नार्ड शॉ हा इंग्रजीतला थोर नाटककार. या स्पेलिंगांना तोही इतका वैतागला होता की नवी लिपी तयार करण्यासाठी त्याने मृत्युपत्रात पैसे ठेवले.

आपल्याकडून गेलेले

देणे एकतर्फी नव्हते. आपल्या शेताच्या बांधावरचे मुंगूस इंग्रजीत जाऊन 'मंगूस' झाले. इंग्रजीत एक हंस 'गूस' आणि अनेक हंस 'गीस'. म्हणून पोरे अनेक मुंगसांना 'मंगीस' म्हणतात. पण तसे होत नाही, 'मंगूसेस' होते, कारण तो शब्द त्यांच्या घरचा नाही. लूट, जंगल, बंगला, खाट हेही आपल्याच देशातून तिकडे गेले.

आणखी एक शब्द गेला, तो मात्र हसण्याजोगा नाही. तमिळ भाषेत 'परै' म्हणजे एक वाद्य. ते वाजवणाऱ्या समाजाला अस्पृश्य मानले जाई. त्या समाजाचे नाव इंग्रजांनी उचलले आणि 'पराया' असा शब्द करून बहिष्कृत, सर्वांनी टाकलेला या अर्थाने जगभर फिरवला. आजही वर्तमानपत्रे एखाद्या देशाला वाळीत टाकले की हाच शब्द वापरतात. एका जिवंत समाजाचे नाव कुणाच्या तरी तोंडी शिवीसारखे झाले, हे आपल्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको.

एकच 'यू'

आता आमच्या आवडत्या शब्दाकडे वळू. तो अगदी छोटा आहे, 'यू'.

मराठीत तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आहेत. आई-आजीला प्रेमाने 'तू' म्हणतात, त्यात गोडवा आहे. पण गावकुसाबाहेरच्या आपल्या आज्या-पणज्यांनी दुसराच 'तू' ऐकला. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला वाड्यातले दहा वर्षांचे पोर 'अरे, इकडे ये' म्हणे आणि म्हाताऱ्याने त्याला 'जी' म्हणायचे. मार न खाताही माणूस रोज वाकत होता, तो या एका अक्षराने.

इंग्रजीतही पूर्वी दोन पायऱ्या होत्या. 'दाऊ' म्हणजे तू आणि 'यू' म्हणजे तुम्ही. थोरांना 'यू', नोकरांना 'दाऊ'. १७ व्या शतकात क्वेकर नावाच्या पंथाने ठरवले की सगळी माणसे सारखी, म्हणून सगळ्यांना 'दाऊ'च म्हणायचे. ते न्यायाधीशालाही 'दाऊ' म्हणत, त्याच्यापुढे टोपी काढत नसत आणि त्यापायी तुरुंगात जात. पण बाकी इंग्रजांचे उलटे झाले. हळूहळू 'दाऊ' मागे पडला आणि 'यू' उरला. म्हणजे आपल्याला जो 'तू' वाटतो, तो मुळातला 'तुम्ही' आहे! धन्याला 'यू', गड्यालाही 'यू'.

म्हणून काही इंग्रज समतावादी झाले नाहीत. त्यांनीही आपल्यावर राज्यच केले. एका शब्दाने समता येत नाही. पण आपले पोर साहेबासमोर उभे राहून 'यू' म्हणते तेव्हा कुणाला आहो आणि कुणाला अरे हे त्याला जातीवरून ठरवावे लागत नाही, एवढे खरे. मराठीतही हे आपल्या हातात आहे. घरी आलेल्या सफाई कामगाराला आणि भाजीवालीला आपण 'तुम्ही' म्हणू लागलो की झाले.

कागदावरचे शब्द

एस.टी.चा कंडक्टर म्हणतो, "माझं शेड्यूल दुपारचं आहे." आणि आपल्या जातीच्या दाखल्यावरचे 'शेड्यूल्ड कास्ट' तेच शेड्यूल. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ कागदाची छोटी चिठ्ठी. पुढे चिठ्ठीची यादी झाली. १९३५ च्या कायद्यात आपल्या जाती शेड्यूल्ड, म्हणजे यादीत नोंदलेल्या, म्हणून आल्या. आधी सरकारी कागदात 'डिप्रेस्ड', दबलेले, असे म्हणत. यादीतला शब्द कोरडा खरा, पण त्या चिठ्ठीवर आपल्या पोरांच्या शिष्यवृत्त्या उभ्या राहिल्या.

दुसरी जोडी 'शॅल' आणि 'मे' यांची. शाळेत 'आय शॅल' एवढेच शिकवतात. कायद्याच्या कागदात मात्र 'शॅल' म्हणजे बहुधा 'केलेच पाहिजे' आणि 'मे' म्हणजे 'करता येईल'. मालकाने भरपाई 'शॅल' द्यावी की 'मे' द्यावी, यात घरादाराचा फरक पडतो. घटनेच्या १७ व्या कलमात अस्पृश्यता पाळणे हा गुन्हा सांगितला आहे, तिथे 'शॅल' आहे. तिथे 'मे' असते तर काय झाले असते, विचार करा.

शहापूर तालुक्याने तानसा-भातसाची धरणे पाहिली, आता समृद्धी महामार्ग पाहिला. मुरबाडने कारखाने पाहिले. जमीन जाताना आणि नोकरी लागताना सहीसाठी कागद पुढे येतो. तो इंग्रजीत असेल तर घाईने सही किंवा अंगठा देऊ नये. मराठीत द्या म्हणावे. 'महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४' ने राज्याच्या कारभाराची भाषा मराठी ठरवली आहे, तेव्हा तहसील कचेरीत मराठी कागद मागताना भीड बाळगण्याचे कारण नाही. कारखान्याचा कागद असेल तर शिकलेल्या मुलीकडून आधी 'शॅल' आणि 'मे' शोधून घ्यावेत.

सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले' संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला होता. सुभेदार रामजींनी हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला लहानग्या भीमरावांकडून घोटून घेतली. शाळेत संस्कृत नाकारले म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. पण इंग्रजीचे दार कुणाला बंद करता आले नाही. १९०७ ला मॅट्रिक, १९१३ ला कोलंबिया विद्यापीठ, आणि पुढे देशाच्या घटनेचा मसुदा.

तर्खडकरांची रीत सोपी होती, मराठी वाक्य घ्यायचे आणि इंग्रजी करायचे. ती घरातही जमेल. चाळीस पानी वही घ्या. रोज रात्री घरात दिवसभर बोललेला एक इंग्रजी शब्द मुलांनी लिहावा, त्याचे स्पेलिंग आणि अर्थ शोधावा आणि आईला वाचून दाखवावा. वर्षाला ३६५ शब्द होतील. आणि पुढच्या वर्षी कुणी विचारले, 'बाई, इंग्रजी येते का?' तर पदर तोंडाला लावायची गरज उरणार नाही.