माझा फोन, माझा हिशेब

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या हातातला मोबाईल तुमच्यासाठी म्हणून दुकानातून आणला होता, की घरात कुणीतरी नवा घेतला म्हणून जुना तुमच्याकडे आला?

माझं उत्तर आधी सांगते. २०२४ च्या दसऱ्यापर्यंत माझ्याकडे आलेले सगळे फोन दुसऱ्या प्रकारातले. पहिला ह्यांचा, दुसरा लेकाचा, तिसरा परत ह्यांचा. एकाच्या काचेला तडा, दुसऱ्याची पिन तिरकी धरली तरच चार्ज व्हायचा, तिसऱ्याची बॅटरी दुपारच्या चहापर्यंतसुद्धा पोचायची नाही. आणि वर ते ठरलेलं वाक्य, "तुला काय गं, फोनच तर करायचाय!"

खरं तर आमच्या घरात फोनवर सगळ्यात जास्त काम मीच करते. बार्शीत मी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. चकली, शेव, करंजी, अनारसे. ऑर्डर येते व्हॉट्सअॅपवर, फोटो जातो व्हॉट्सअॅपवर आणि पैसे येतात यूपीआयवर. म्हणजे माझं दुकान, गल्ला आणि वही सगळं त्या तडा गेलेल्या काचेच्या आत!

२०२३ ची दिवाळी मी विसरणार नाही. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दारात चार गिऱ्हाइकं उभी, आणि फोन गोठला. एक बाई म्हणाल्या, "ताई, मी पैसे पाठवलेत हो." पाठवले असतीलही, पण मला दिसेनात. मी हसून डबा दिला, रात्री उशिरा फोन चालू झाला तेव्हा पैसे आलेले दिसले. त्या बाई खऱ्या निघाल्या म्हणून बरं. पुढे दोनच महिन्यांत बँकेच्या अॅपने सांगून टाकलं की या फोनची आवृत्ती जुनी झाली, इथे चालणार नाही. तेव्हापासून पैसे आले का हे विचारायला मला ह्यांच्या फोनकडे बघावं लागायचं. माझ्या कमाईचा निरोप दुसऱ्याच्या खिशात! तेव्हाच ठरवलं, यंदा भिशी लागली की फोन. माझा आणि नवा.

आमची बारा जणींची, महिना तीन हजारांची भिशी. २०२४ च्या नवरात्रात माझी चिठ्ठी निघाली आणि छत्तीस हजार हातात आले.

घरातले दोन प्रस्ताव

लेक पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "आई, कशाला पैसे घालवतेस? मी नवा घेतोय, माझा तू घे. २०२० चा असला तरी फ्लॅगशिप आहे!" मी म्हटलं, "अरे, पुन्हा तेच!" तर म्हणाला, "मग घ्यायचाच तर नवा फ्लॅगशिप घे. हप्त्यावर. मी भरतो थोडे."

फ्लॅगशिप म्हणजे मूळचं आरमारातलं जहाज, ज्यावर सेनापतीचं निशाण फडकतं ते. मोबाईल कंपन्यांनी तो शब्द आपल्या सगळ्यात भारी फोनला लावला. त्याच्या खालोखालचे, साधारण वीस ते चाळीस हजारांतले, ते मिड-रेंज. आता घरातलं प्रेम नाकारायचं नाही, पण हिशेब तर करायलाच हवा. मी वहीचं एक पान घेतलं आणि लिहिलं: मी फोनवर काय करते? व्हॉट्सअॅप. यूपीआय. पदार्थांचे फोटो. रेसिपीचे व्हिडिओ. लेकीशी व्हिडिओ कॉल. पत्ता शोधणं. पानाच्या शेवटी लिहिलं: तेलकट हात, पिठाचे हात, ओले हात.

ते पान पर्समध्ये घालून आम्ही स्टँडजवळच्या दुकानात गेलो. बरोबर एक छोटा डबाही घेतला. त्यात होत्या चार चकल्या आणि दोन अनारसे.

चकलीची परीक्षा

दुकानातल्या मुलाने आधी गमतीने बघितलं. "काकू, फराळ आणलाय होय?" म्हटलं, "आधी फोटो, मग खायचं." लेकाचा मित्र बरोबर होता, त्याच्या खिशात सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४, म्हणजे त्या वर्षीचा फ्लॅगशिप. दुकानातून मी मागितला त्याच कंपनीचा ए३५, म्हणजे मिड-रेंज. एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या जावा शेजारी उभ्या केल्या की फरक नीट कळतो.

काउंटरवर कागद पसरला, चकली ठेवली आणि दोन्ही फोनवर फोटो काढला. दोन्हीत चकलीचा काटा स्वच्छ दिसला, अनारशाची जाळीही दिसली. दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काढलेला फोटो मात्र एस२४ चा सरस होता, हे कबूल करायला हवं. दोन्हींचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचाच, पण एस२४ च्या कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग मोठा आहे. नुसत्या मेगापिक्सेलच्या आकड्यावर जायचं नाही, हे तिथेच कळलं.

मग मी दोन्ही फोटो व्हॉट्सअॅपवरून ह्यांच्या फोनवर पाठवले आणि ह्यांना विचारलं, "यातला महागाचा कुठला?" हे दोनदा बघून म्हणाले, "एकाच फोनचे आहेत ना?"

झालं! माझी गिऱ्हाइकं माझा फोटो माझ्या फोनवर बघत नाहीत, त्यांच्या फोनवर बघतात. आणि व्हॉट्सअॅप फोटो पाठवताना तो आकुंचन करून पाठवतं. आपण एचडीचा पर्याय निवडला तर थोडा बरा जातो, एवढंच. म्हणजे फरकाचे पैसे मी भरायचे आणि फरक वाटेतच गळून जायचा.

कुठे कमी, कुठे जास्त

मग लेकाला म्हटलं, आता सगळं ओळीने सांग. त्याने सांगितलं, मी लिहून घेतलं.

ए३५ मार्च २०२४ मध्ये आला तेव्हा ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी साठवणुकीच्या फोनची किंमत ३०,९९९ रुपये होती. एस२४ जानेवारी २०२४ मध्ये आला, ८ जीबी आणि २५६ जीबीला ७९,९९९ रुपये. त्याच्याही वरचा एस२४ अल्ट्रा १,२९,९९९ रुपये. सोन्याच्या भाषेत सांगायचं तर अल्ट्राच्या किमतीत त्या दसऱ्याला दीड तोळ्याच्या आसपास दागिना आला असता!

थोरल्या जावेचे गुण खरेच आहेत. तिच्यात लांबचं जवळ आणणारी वेगळी लेन्स आहे, ए३५ मध्ये ती नाही. वायर न लावता चार्जिंग होतं. स्क्रीन भर उन्हात जास्त उजळते. प्रोसेसर, म्हणजे फोनचा मेंदू, बराच वेगवान आहे. आणि वजनाला ती हलकी आहे, १६७ ग्रॅम. ए३५ चं वजन २०९ ग्रॅम.

पण धाकटीही काही कमी नाही. तिची बॅटरी ५००० एमएएच, एस२४ ची ४०००. स्क्रीन ६.६ इंच, एस२४ ची ६.२. चष्मा लागलेल्या बाईला हे लगेच पटतं. ए३५ मध्ये मेमरी कार्ड बसतं, एस२४ मध्ये बसत नाही. वायरने चार्ज करण्याचा वेग दोन्हींचा २५ वॅट, अगदी सारखा. चार्जरचा डबा मात्र दोन्हींबरोबर मिळत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो हे लक्षात ठेवा.

पाण्याचं मी मुद्दाम विचारलं. ए३५ ला आयपी६७ दर्जा आहे. यातला ६ हा आकडा धुळीसाठीचा, म्हणजे धूळ आत जात नाही. ७ म्हणजे एक मीटर गोड्या पाण्यात अर्ध्या तासापर्यंत निभाव लागतो. एस२४ ला आयपी६८, म्हणजे थोडं आणखी खोल. माझ्या ओट्यावर एवढं खोल पाणी काही नसतं बाई!

तारीख बघा, तारीख!

सगळ्यात कामाची गोष्ट शेवटी कळली. आपण मसाल्याच्या पुडीवरची तारीख बघतो, दुधाच्या पिशवीवरची बघतो. फोनलाही तशी तारीख असते. फोनमधल्या सॉफ्टवेअरला जिथे जिथे भोकं सापडतात, तिथे कंपनी ठिगळं पाठवते. त्यांना सिक्युरिटी अपडेट म्हणतात. ही ठिगळं किती वर्षं येणार हे कंपनी आधीच सांगते. त्यानंतर फोन चालतो, पण भोकं बुजत नाहीत. लेकाच्या २०२० च्या फ्लॅगशिपची चार वर्षं त्याच वर्षी संपलेली होती.

म्हणजे घरात गंमत काय होते बघा. मुदत संपलेला फोन बाईच्या हातात येतो. आणि त्याच फोनमध्ये तिचं बँकेचं खातं असतं, बचत गटाचा हिशेब असतो. भारी फोन म्हणून मिरवत आलेला जुना फोन आपल्याला सगळ्यात उघडा पाडू शकतो.

ए३५ साठी कंपनीने अँड्रॉइडच्या चार नव्या आवृत्त्या आणि पाच वर्षं सुरक्षेची ठिगळं द्यायचं जाहीर केलं होतं. एस२४ साठी दोन्ही सात वर्षं. इथे थोरली पुढे आहेच. पण किमतीला वर्षांनी भागून बघा. ए३५ ला वर्षाला सुमारे ६,२०० रुपये पडतात, एस२४ ला सुमारे ११,४३० आणि अल्ट्राला सुमारे १८,५७० रुपये. शिवाय हे अंतरही कमी होतंय. मार्च २०२५ मध्ये आलेल्या ए३६ आणि ए५६ साठी सहा वर्षं सांगितली आहेत.

तुमच्या फोनची तारीख बघायची असेल तर सेटिंग्जमध्ये जा, अबाउट फोन उघडा आणि सिक्युरिटी पॅच किंवा सिक्युरिटी अपडेट असं लिहिलेलं शोधा. तिथला महिना फार जुना असेल आणि नवं अपडेटही येत नसेल, तर निदान पैशांचे व्यवहार त्या फोनवरून काढा. आणि हेही सांगते, ओटीपी कुणाला सांगितला किंवा अनोळखी लग्नपत्रिकेची फाईल उघडून बसवली, तर लाखाचा फोनही आपल्याला वाचवत नाही.

हप्त्याचं काय?

लेक म्हणाला होता, "नो कॉस्ट ईएमआय आहे गं." ७९,९९९ चे चोवीस हप्ते म्हणजे महिना सुमारे ३,३३३ रुपये. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते. व्याज कुठेतरी असतंच. कधी ते सवलत म्हणून वळतं केलेलं असतं, कधी प्रोसेसिंग फी वेगळी लागते, व्याजावरचा जीएसटी लागतो. मी म्हटलं, "बाळा, दिवाळीत माझी कमाई होते, आषाढात होत नाही. हप्ता मात्र आषाढातही येतो."

असं नाही की फ्लॅगशिप कुणी घेऊच नये. जिचं कामच लग्नातले व्हिडिओ काढायचं आहे, किंवा जी मेंदीचे, ब्लाऊजच्या डिझाईनचे रील करून त्यावर पैसे मिळवते, तिला तो खर्च भरून निघेल. सात वर्षं एकच फोन वापरायची तयारी असेल तरी विचार करावा. माझ्या पानावर तसलं काही नव्हतं.

मी ए३५ घेतला. दसऱ्याच्या सवलतीत मूळ किमतीपेक्षा थोडा कमीतच मिळाला. उरलेल्या पैशांत चार्जर, कव्हर, स्क्रीनगार्ड आणि पाकिटं बंद करायचं सीलिंग मशीन आलं. दुकानातल्या मुलाने चकल्या संपवल्या आणि दिवाळीसाठी दोन किलोची ऑर्डरही दिली!

त्यानंतर या फोनने दोन दिवाळ्या काढल्या. सकाळी चार्ज केला की रात्री आवराआवर होईपर्यंत टिकतो. एकदा ताकाच्या भांड्यात पडला, पुसून पुन्हा कामाला लागला. पैसे आले की माझ्याच हातात वाजतो. त्या आवाजाची सवय व्हायला मला महिना लागला, आणि आता तो ऐकला की ऑर्डरीचा सगळा शीण उतरतो.

परवा हे माझा फोन हातात घेऊन बराच वेळ चाळत बसले होते. मग हळूच म्हणाले, "अगं, तू पुढचा नवा घेशील ना, तेव्हा हा मला दे."

मी म्हटलं, "देईन की! पण आधी तारीख बघून घ्या हं."