घसरत्या गाडीचा पिवळा दिवा

दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीच्या मीटरवर एक दिवस ते पिवळं चित्र उजळतं: छोटी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. मालक चार जणांना विचारतो आणि त्याला हमखास दोन उत्तरं मिळतात. ‘जुनी गाडी आहे, सेन्सरचं नाटक असतं, चालवत राहा’ हे एक. ‘एबीएसचा मॉड्यूल गेला, मोठा खर्च आहे’ हे दुसरं. दोन्ही उत्तरं देणाऱ्यांपैकी कुणीही गाडीला स्कॅनर लावलेला नसतो. पहिल्या सल्ल्यानं माणूस पावसाळी घाटात धोका पत्करतो, दुसऱ्यानं त्याचा खिसा विनाकारण रिकामा होतो.

हा दिवा ईएससीचा, म्हणजे गाडीला घसरण्यापासून सावरणाऱ्या यंत्रणेचा. टोयोटा तिला व्हीएससी म्हणते, होंडा व्हीएसए, बीएमडब्ल्यू डीएससी, काम एकच. बॉश आणि मर्सिडीजनं १९९५ मध्ये ती महागड्या गाड्यांत आणली. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये, अचानक आडवं आलेलं जनावर चुकवण्याच्या चाचणीत मर्सिडीजची छोटी ए-क्लास उलटली आणि कंपनीला त्या छोट्या गाडीतही ही यंत्रणा सरसकट द्यावी लागली. युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत ती सक्तीची आहे. आपल्याकडे मात्र बरीच वर्षं ती फक्त वरच्या मॉडेलांत मिळत होती. त्यामुळे आज दुसऱ्या-तिसऱ्या हातात फिरणाऱ्या जुन्या सेडान आणि एसयूव्हींमध्ये ती असते, पण ती काय करते हे नव्या मालकाला कुणी सांगितलेलं नसतं.

चारही चाकांचा वेग, स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात स्वतःभोवती किती फिरतेय, यांचा मेळ ती सतत घालत असते. स्टिअरिंग एकीकडे आणि गाडी दुसरीकडे चाललीय असं दिसलं, की ती इंजिनाचा जोर कमी करते आणि नेमक्या एका चाकाला ब्रेक लावते. वळणावर गाडी सरळ बाहेर सरकू लागली, तर मुख्यतः आतल्या बाजूच्या मागच्या चाकाला. शेपूट फिरू लागलं, तर बाहेरच्या बाजूच्या पुढच्या चाकाला. कितीही कसलेला चालक असला, तरी एकाच पेडलवरून त्याला असं एकेका चाकाला ब्रेक लावता येत नाही. म्हणून ‘मी सांभाळून चालवतो, मला त्याची गरज नाही’ हे म्हणणं टिकत नाही. ताम्हिणी घाटात वळणावर चिखल सांडलेला असतो, तेव्हा सावकाश जाणाऱ्याची गाडीही घसरते.

सगळ्यात आधी दिवा लुकलुकतोय की स्थिर आहे, ते पाहायचं. ओल्या रस्त्यावर क्षणभर लुकलुकून विझला, तर बिघाड काही नाही. यंत्रणेनं त्या क्षणी आपलं काम केलं. पाय ॲक्सिलरेटरवरून हलका करायचा, एवढाच त्याचा अर्थ. चित्राबरोबर ‘ऑफ’ असं लिहून आलं, तर बहुधा कुणाचं तरी बोट बटणावर पडलेलं असतं. गाडी चिखलात किंवा वाळूत रुतली, की यंत्रणा इंजिनाचा जोर कापते आणि चाक फिरू देत नाही. तेवढ्यापुरतं ते बटण दाबावं आणि बाहेर पडल्यावर आठवणीनं पुन्हा चालू करावं.

दिवा स्थिर राहिला, म्हणजे यंत्रणेनं काम थांबवलंय. ‘ब्रेक गेले’ असा त्याचा अर्थ होत नाही. पेडलचे नेहमीचे ब्रेक लागतात, फक्त घसरल्यावर सावरणारं कुणी नसतं. सोबत एबीएसचा दिवाही लागला, तर जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ शकतात. त्यात ब्रेकचा लाल दिवा लागला, तर मात्र गाडी बाजूला घेऊन उभी करायची. हँडब्रेक ओढलेला नसताना लाल दिवा म्हणजे ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी सोय बंद पडलेली असू शकते. अशी गाडी टो करूनच न्यावी.

आता त्या ‘मॉड्यूल गेला’बद्दल. मॉड्यूल खराब होतात, हे खरं आहे. पण जुन्या गाडीत त्याआधी तपासायच्या स्वस्त गोष्टी इतक्या आहेत, की पहिल्याच भेटीत मॉड्यूलचं नाव घेणाऱ्या गॅरेजवर माझा विश्वास बसत नाही. बॅटरी बसत आली असेल, तर सेल्फ मारताना व्होल्टेज पडतं आणि दिवा लागतो. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळायला हवेत. बॅटरी बदलल्यावर दिवा आला असेल, तर स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर आपला मध्य विसरलेला असतो. अनेक गाड्यांत स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून थोडं सरळ चालवलं, की दिवा विझतो. काहींत स्कॅनरनंच तो मध्य पुन्हा बसवावा लागतो. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग तिरकं राहिलं, तरी हीच तक्रार येते. ब्रेक पेडलमागचा छोटा स्विच हाही नेहमीचा दोषी. कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक लाइट लागते-विझते का, ते बघायला एक मिनिट पुरतं. एका एक्सलवर एक नवा आणि एक झिजलेला टायर किंवा वेगळ्या मापाची स्टेपनी असेल, तर चाकांचे वेग जुळत नाहीत आणि संगणक गोंधळतो. पावसाळ्यात उंदरांनी कुरतडलेली वायर तर आपल्याकडच्या मेकॅनिकना पाठ आहे.

सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो चाकाजवळचा सेन्सर किंवा त्याच्यासमोर फिरणारी दातेरी कडी. गंज फुगून कडी तडकते. मग कोरड्या रस्त्यावर गाडी थांबता थांबता, अगदी हळू वेगात, पेडल पायाखाली थरथरतं. हे लक्षण दिसलं, तर मेकॅनिकला आवर्जून सांगा. बऱ्याच गाड्यांत ही कडी बेअरिंगच्याच एका बाजूला चुंबकीय पट्टीच्या रूपात असते. बेअरिंग उलटं ठोकलं, तर चाक छान फिरतं, पण सिग्नल मिळत नाही. नवं बेअरिंग टाकल्यावर लगेच दिवा लागला, तर आधी तिथेच पाहायला सांगा.

‘स्कॅनर लावला, काही निघालं नाही’ हेही पुष्कळांना ऐकावं लागतं. स्वस्तातले बरेचसे स्कॅनर फक्त इंजिनाचे, पी अक्षराचे कोड वाचतात. या यंत्रणेचे कोड सी आणि यू अक्षरांचे असतात आणि ते एबीएसच्या संगणकात साठलेले असतात. तिथपर्यंत पोचणारा स्कॅनर हवा. उलट कधी कधी दोष खरोखर इंजिनाचाच असतो: इंजिनाचा जोर कमी करता येईल याची खात्री नसेल, तर ईएससी स्वतःला बंद करून घेते. म्हणून दोन्हीकडचे कोड लिहून घ्या किंवा मोबाइलवर फोटो काढा, आणि मगच ते उडवू द्या. नुसते उडवलेले कोड दोष कायम असेल, तर परत येतात. आणि कोडमध्ये ‘पुढचं डावं चाक’ आलं म्हणून थेट सेन्सर बदलायचा नाही. दोष वायरमध्ये, प्लगमध्ये किंवा कडीतही असू शकतो. चारही चाकांचे वेग स्क्रीनवर ठेवून वीसेक किलोमीटरच्या वेगानं सरळ चालवलं, की कोणतं चाक मागे पडतंय किंवा मध्येच शून्यावर जातंय, ते दिसतं.

पीयूसी मिळाली म्हणजे गाडी ठीक, असंही काही जण धरून चालतात. पीयूसी फक्त धूर तपासते. आणि जुनी गाडी घेताना ‘दिवा लागत नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका. चावी ऑन केल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, हा पिवळा दिवा बाकीच्या दिव्यांबरोबर उजळून काही सेकंदांत विझायला हवा. तो उजळलाच नाही, तर कुणीतरी बल्ब काढला असेल किंवा दिवा दुसऱ्या दिव्याच्या वायरला जोडून ठेवला असेल. विक्रेत्यासमोरच एबीएसचा संगणक स्कॅन करून घ्या आणि नंतरच भावाचं बोला.