पिलांना ऊब द्या, पण जीव सांभाळून

कुरखेड्याच्या आसपासच्या वस्त्यांत घराच्या कोपऱ्यात कोंबडीची पिले वाढविणाऱ्या भगिनी आहेत. त्यातून चार पैसे हाती येतात, ही चांगलीच गोष्ट. पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे ३५ अंश ऊब लागते. एलईडी दिव्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. म्हणून जुन्या पद्धतीचा १०० वॅटचा बल्ब रात्रभर जळतो. खाली धानाचा कोंडा, ओलसर जमीन आणि पोराबाळांचे अनवाणी पाय. धोका आहे तो इथेच.

"फ्यूज आहे, मग भीती कसली?" असे काहीजण म्हणतात. बंधुभगिनींनो, आपण हिशेब करू. हा बल्ब २३० व्होल्टवर अर्धा अँपिअरही वीज ओढत नाही. पण ०.१ अँपिअर छातीतून गेली तरी हृदय थांबू शकते. ५ अँपिअरच्या फ्यूजला ते कळतसुद्धा नाही. फ्यूज वायरीला वाचवितो, माणसाला नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. अंगातून वीज जमिनीत जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. जाणत्या वायरमनकडून तो बसवून घ्या, अर्थिंगही तपासून घ्या.

बल्ब वायरीवर लोंबकळत ठेवू नका, साखळीने टांगा. होल्डर चिनी मातीचा घ्या. कोंड्यापासून दीड फूट अंतर राखा. वायरीला उघडा जोड नको. पिलांचे पाणी बदलण्याआधी बटण बंद करा.

कुणाला विजेचा धक्का बसलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हे अवश्य वाचून दाखवा, अशी आमची विनंती आहे.