जुनी वेगवान मोटार घेताना

व्यापारी बांधवांनो, वरची घडी पाहून आपण कापड घेत नाही. थान उलगडून पाहतो. जुन्या मोटारीचा सौदाही तसाच करावा.

स्कोडा ऑक्टाव्हिया आपल्या शेजारच्या शेंद्र्यात जुळवली गेलेली गाडी. तिचा २३० अश्वशक्तीचा आरएस हा वेगवान प्रकार २०१७ साली सुमारे २५ लाखांना आला. जुनी झाली की गाडीची किंमत उतरते. टर्बो, ब्रेक व गिअरबॉक्सचा खर्च मात्र उतरत नाही. खरा हिशेब हाच.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहावे. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. सर्व्हिसच्या पावत्या मीटरशी ताडाव्यात. आरसीवर कर्जाचा बोजा असल्यास बँकेची एनओसी व फॉर्म ३५ घ्यावा. फॉर्म २९ व ३० भरून आरटीओत नाव बदलावे. विमाही १४ दिवसांत नावावर करावा. नाहीतर अपघातात आपल्या गाडीची भरपाई अडते.

हुजूर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, आत ओल लागली, तेव्हा विकणाऱ्याला समज दिली. म्हणून विकणाऱ्याने ऐब सांगावा, घेणाऱ्याने विचारावा. दुरुस्तीची रक्कम बाजूला काढूनही दुकानाचे भांडवल शाबूत राहत असेल, तरच बयाणा द्यावा.