बगीच्यातलं तळं, पौषातली थंडी

पहाटे साडेचार. पौषात तळ्यावर जायची हीच वेळ. दिवस मावळला की पाण्यातलं हिरवं शेवाळ प्राणवायू तयार करणं थांबवतं आणि मासे, शेवाळ, तळाचा गाळ असे सगळेच रात्रभर तो ओढत राहतात. त्यामुळे उजाडायच्या आधीचे दोन तास माशांना सगळ्यांत जड जातात. मी विजेरीचा झोत पाण्यावर आडवा टाकते. कुठे तोंडं वर येऊन उघडझाप करताहेत का, ते पाहायचं असतं. कटला मुळात वरच्या थरात राहणारा, रोहू मधल्या आणि मृगल तळाचा. एखाददुसरा कटला वर दिसला तर मी जरा थांबते. मृगल वर आलेला दिसला की थांबायचं नाही, बोअर सुरू करायला सरळ मोटारीच्या पेटीकडे.

आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात तळ्यावर बर्फ धरत नाही. गारठा मात्र सातपुड्यावरून असा उतरतो की नदीकाठच्या सखल शेतात पहाटे तूर आणि हरभऱ्याची पानं करपतात. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर गेला होता, आणि आम्ही तर डोंगराच्या पायथ्याला. थंड मुलखात तळं वरून गोठतं. ४ अंशांचं पाणी सगळ्यांत जड, ते तळाशी बसतं आणि मासे त्याच थरात हिवाळा काढतात. तिथल्या लोकांचं मुख्य काम बर्फात एक भोक उघडं ठेवण्याचं, तेही घणाने न फोडता, कारण घावाचा दणका पाण्यातून माशांना बसतो.

आमच्याकडे खाली असा राखीव थर राहत नाही. रात्री वरचं पाणी निवतं, जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, आणि पहाटेपर्यंत अख्खं तळं एकसारखं गार होतं. दोरीला मी दोन तापमापक बांधलेत, एक हातभर खोल, दुसरा तळाजवळ. दुपारी त्यांच्यात फरक दिसतो, पहाटे दोघे एकच आकडा दाखवतात. या ढवळण्यात गाळातले घाण वायूही वर येतात. थंडीने मासा सुस्त झालेला असतो आणि त्याच वेळी पाणी बिघडतं. मासळी मरते ती बहुतेक या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यावर.

पाच वाजता बोअर सुरू. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळजवळ एकाच तापमानाचं असतं, म्हणून या दिवसांत ते वाफाळत बाहेर पडतं. तळ्यावर आणि बगीच्यात मदतीला असणारे काका नळाखाली हात धरून सांगतात, “ताई, पाहा ना, कोमटच हाये.” पण कोमट आहे म्हणून ते तसंच सोडलं तर नुकसान, कारण खोल बोअरच्या पाण्यात प्राणवायू फार कमी असतो. म्हणून नळाला भोकं पाडून तो बांबूच्या घोडीवर उंच बांधलाय. बारीक धारा हवेतून पडतात आणि पडता पडता हवा घेतात. हे पाणी हलकं, ते वरच्या थरात पसरतं. थोड्या वेळाने विजेरी मारली की मासे त्या कोपऱ्यात जमलेले दिसतात, पाठी हलकेच हलवत, एकमेकांना खेटून.

बोअर या दिवसांत तळ्याला देता येते, कारण संत्र्याची झाडं ताणावर आहेत. आंबिया बहारासाठी डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडायचं, झाडाची वाढ थांबू द्यायची, पानं थोडी कोमेजू द्यायची, आणि मग पहिलं पाणी देऊन फूल काढायचं. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत महिना-दीड महिनाही लागतो. बगीच्यात जे काम झाडांच्या बाबतीत चाललंय, तेच मी तळ्यात करते: हात आवरून धरते. बाहेरून आलेल्या माणसाला हा आळस वाटतो. थंडीत मासा वाचवायचा तर त्याला कमीत कमी छेडायचं, हे माझं पक्कं मत आहे.

सातनंतर ऊन तळ्यावर येतं. आता पाणकावळे आणि बगळे येतात. गारठलेला मासा पळत नाही, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळतं. वर दोऱ्या ताणल्या आहेत, तरी कुणीतरी बसून राहावंच लागतं. उत्तरेच्या बांधावर शेवरी दाट लावली आहे. ती वारा अडवते, दक्षिणेची बाजू मोकळी असल्यामुळे ऊन अडत नाही. काठावरच्या कडुनिंबाची गळलेली पानं मात्र रोज जाळीने काढावी लागतात. ती पाण्यात कुजली की प्राणवायू खातात.

नऊ वाजता दोन-चार मासे पाहायचे, जाळं न टाकता, खाद्याजवळ आलेल्यांपैकीच. खवल्याच्या बुडाशी लाल ठिपका आहे का, शेपटीची कड पांढुरकी झाली आहे का, अंगाला उवा चिकटल्या आहेत का. लाल ठिपक्यापासून सुरू होऊन मांसापर्यंत खोल जाणारी जखम हा व्रणरोग भारतात पहिल्यांदा १९८८ मध्ये दिसला. तो आणणारी बुरशी थंड पाण्यातच जोर धरते आणि माशाची प्रतिकारशक्तीही त्याच दिवसांत मंदावते. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा इथल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यसंशोधन संस्थेने त्यावर ‘सिफॅक्स’ हे औषध काढलं. वेळ येऊच नये म्हणून आम्ही थंडी सुरू होताना चुना टाकतो, हेक्टरी २०० किलोच्या हिशोबाने. आदल्या दिवशी ड्रममध्ये भिजवून, थंड करून, उन्हात शिंपायचा. गरम चुना थेट पाण्यात टाकू नये, मासा भाजतो.

साडेअकरा, खाद्याची वेळ. सकाळी लवकर काहीच द्यायचं नाही. शेंगदाण्याची ढेप आणि भाताचा कोंडा भिजवून, भोकं पाडलेल्या पोत्यात भरून बांबूला टांगायचा. मासे येऊन पोत्याला तोंड मारतात आणि हवं तेवढंच खातात. मासा थंड रक्ताचा, पाणी गार झालं की पोटातलं पचनही मंदावतं. रोहू-कटला २५ ते ३० अंशांत भरभर वाढतात. पाणी २० च्या खाली गेलं की मी खाद्य निम्म्याहून कमी करते, आणि आभाळ भरून धुकं असेल त्या दिवशी पोतं टांगतच नाही. मासळी उपाशी राहील या दयेने लोक जास्त टाकतात, ते तळाशी कुजतं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मासळी वर येते. दुपारी उरलेलं पोतं बाहेर काढून ठेवायचं, हे काका कधी विसरत नाहीत.

दीडच्या सुमारास नागपूरला माल नेणारा व्यापारी येतो. “वैनी, दोन क्विंटल काढून द्या, बाजारात माल कमी हाये, भाव बरा भेटन.” मी नाही म्हणते. थंडीत जाळं ओढलं की खवलं निघतं, श्लेष्मा पुसला जातो, आणि सोडून दिलेल्या माशांना नेमकी तिथेच बुरशी धरते. काढायचं ते फेब्रुवारीत पाणी तापल्यावर. पंगास आणि रूपचंद मात्र दिवाळीच्या आतच विकून टाकायचे. ते उष्ण पाण्याचे मासे, पाणी १५ अंशांच्या आसपास आलं तरी मान टाकतात. भाव थोडा कमी मिळाला तरी चालेल, पण हे दोन मासे जानेवारीत तळ्यात नकोत.

तीन वाजता खरी ओढाताण. गहू पाणी मागतोय आणि घरात प्रत्येकाला वाटतं, तळं भरलेलं असताना बोअर कशाला जाळायची. तळ्यात पाणी जितकं जास्त, तितकं ते रात्री सावकाश निवतं. उथळ पाणी एका रात्रीत हाडापर्यंत गारठतं. म्हणून बांधालगत सागाचा खुंट ठोकून सहा फुटांवर लाल खूण केली आहे. त्या खुणेच्या खाली पाणी उतरलं की तळ्यावरची मोटार बंद, गहू असो की घरचा पाहुणा. सासूबाई सुरुवातीला रागावत. आता त्याच मुलांना सांगतात, “खुणेले हात लावू नका.” बलराम तालाब योजनेतून ज्यांनी तळी केली, त्यांनाही माझं हेच सांगणं असतं: खोली उन्हाळ्यात खोदताना ठरते, जानेवारीत ती आणता येत नाही.

साडेपाचला ऊन उतरतं. पुन्हा तापमापक, पुन्हा काठावरून एक फेरी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, म्हणजे रात्र कडक जाणार. जमिनीची ऊब वर निघून जाते. ढग असले की मी जरा निवांत असते. मुलं बांधावर शेकोटी पेटवतात, तिची राख मात्र पाण्यात जाऊ द्यायची नाही.

रात्री नऊला काकांचा फोन. महिनाअखेर आली, झाडांना पहिलं पाणी द्यायचं आहे आणि बोअर एकच. आम्ही ठरवतो: पहाटे पाच ते आठ तळ्याला, आठनंतर बगीच्याला ओळीओळीने, आणि गव्हाचं पाणी परवा. काका म्हणतात, आठला पलटवायचा व्हॉल्व्ह कडक झालाय, सकाळी पान्हा घेऊन या.