गाडी बदलताय? जुना विमा ‘रद्द करा’ म्हणण्याआधी हे वाचा



बंदीच्या काळात बोटी वर ओढलेल्या असतात, हाताशी वेळ असतो, तेव्हा आपल्यात गाड्यांची देवघेव बरीच होते. कुणी जुनी कार काढून नवी घेतो, कुणी मच्छीचा छोटा हत्ती विकून मोठी पिकअप आणतो. मग तक्रार सुरू होते : “जुन्या गाडीचा विमा रद्द करायला सांगितला, कंपनी ऐकत नाही, पैसे देत नाही.” यात कधी कंपनी चुकते, तर कधी आपण मागतो तेच चुकीचे असते. म्हणून नीट समजून घेऊ.

तुमच्या एकाच पॉलिसीत दोन विमे असतात. एक थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर. दुसरा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीचे नुकसान किंवा चोरी झाली तर. गाडी विकल्यावर या दोघांची वाट वेगळी होते, आणि बहुतेक भांडण इथूनच सुरू होते.

थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर जातो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की हा भाग आपोआप नव्या मालकाचा मानला जातो. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवायचे असते. त्यामुळे “गाडी विकली, आता पूर्ण पॉलिसी बंद करा” असे म्हटले की कंपनी विचारते, त्या गाडीचा दुसरा विमा कुठे आहे, त्याची कॉपी द्या. कंपनीचे हे विचारणे बरोबर आहे. रस्त्यावरची गाडी थर्ड पार्टी विम्याशिवाय ठेवता येत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ती कार दीड वर्षात विकली तर उरलेला थर्ड पार्टी विमा घेणाऱ्याकडे जातो. त्याचे पैसे परत मागत बसू नका, गाडीच्या किमतीत धरा.

आता सर्वात महत्त्वाचे. आरसीवर तुमचे नाव आहे तोपर्यंत विमा बंद करू नका. पैसे मिळाले, चावी दिली, पण आरसी नावावर झाली नाही, अशा गाड्या आपल्याकडे कमी नाहीत. त्यात आपली जीजे-०५ ची गाडी नवापूर, नंदुरबार किंवा पालघरकडे गेली तर राज्य बदलते, आरटीओची एनओसी लागते आणि काम लांबते. या मधल्या दिवसांत अपघात झाला तर? सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात याचे उत्तर दिले आहे. मूळ मालकाने गाडी २००७ मध्ये विकली होती, पुढे ती हातोहात फिरली. २००९ मध्ये गाडी मागे घेताना अपघात होऊन एकाचा जीव गेला. आरसीवर नाव मात्र पहिल्याच मालकाचे होते. न्यायालयाने त्यालाच जबाबदार धरले. आता विचार करा, अशा वेळी विमाही आपणच रद्द केलेला असेल तर भरपाई कुठून देणार? बोट गहाण टाकून?

म्हणून गाडी देतानाच फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, डिलिव्हरीची तारीख आणि वेळ लिहिलेला कागद, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची कॉपी, एवढे घ्याच. आरसी नावावर झाली का ते परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघता येते. “एजंट करतो म्हणाला” यावर राहू नका.

ओन डॅमेजचे उलटे आहे. तो आपोआप नव्या मालकाकडे जात नाही. त्याने अर्ज करायचा, विकणाऱ्याने संमती द्यायची, मग कंपनी नाव बदलते. १९९५ मध्ये कम्प्लीट इन्सुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया या खटल्यात आरसी नव्या मालकाच्या नावावर झाली होती, विमा जुन्याच नावावर होता. गाडीच्या नुकसानीचा क्लेम सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. जुना टेम्पो विकत घेणाऱ्या सभासदांनी हे खास ध्यानात घ्यावे. आरसी झाली म्हणजे विमा झाला, असे नाही.

आता पैशाची गोष्ट. सगळे रिफंडच्या मागे लागतात आणि नो क्लेम बोनस सोडून देतात. आमच्या मते हे उलटे व्हायला हवे. क्लेम न घेता वर्ष गेले की ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते : पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. समजा नव्या कारचा ओन डॅमेज हप्ता १६,००० रुपये आहे आणि तुमचा बोनस ५० टक्के आहे, तर सरळ ८,००० वाचतात. त्यासाठी जुन्या कंपनीकडून बोनस राखून ठेवल्याचे पत्र घ्यायचे. गाडी विकल्याचा पुरावा आणि पॉलिसीची कॉपी जोडून अर्ज करा. लगेच नवी गाडी घेतली नाही तरी जुनी पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांपर्यंत हा बोनस वापरता येतो.

मात्र गाडी त्याच प्रकारची हवी. कारचा बोनस कारला. मच्छीच्या टेम्पोचा बोनस घरच्या कारला लागत नाही, त्यावरून कंपनीशी भांडून उपयोग नाही. मालक वारला आणि गाडी बायको, मुले किंवा आईवडिलांकडे आली तर बोनस त्यांना मिळू शकतो. हे घरच्यांना माहीतच नसते.

रिफंडचेही सांगतो. पूर्वी विमा मध्येच बंद केला की जुन्या कोष्टकाप्रमाणे मोठी कपात व्हायची. सहा महिने झाले असतील तर कंपनी ७० टक्के ठेवून घेत असे. १२,००० च्या हप्त्यातले हातात ३,६०० यायचे. जून २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने नियम बदलला. आता साधा ग्राहक कारण न देता पॉलिसी रद्द करू शकतो, आणि एक वर्षापर्यंतच्या पॉलिसीत क्लेम घेतला नसेल तर उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात पैसे परत मिळायला हवेत. म्हणजे त्याच उदाहरणात ६,०००. कुणी अजून जुन्या कोष्टकाने हिशोब करून देत असेल तर इथे मात्र भांडायचे. क्लेम घेतला असेल तर त्या वर्षाचा रिफंड विसरा.

भांडायचे ते लिहून. फोनवर बोललेले कुणी मान्य करत नाही. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा किंवा पत्र देऊन पोच घ्या. सोबत बीमा भरोसा या सरकारी पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवर तक्रार नोंदवा. एक महिन्यात उत्तर आले नाही, किंवा पटले नाही, तर अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारानंतर एक वर्षाच्या आत जायला हवे. सुरतमध्ये जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहेच.

हे सगळे गाडीचे झाले. बोटीच्या विम्याला कलम १५७ लागू नाही, त्याचा करार वेगळा असतो. बोट विकणाऱ्यांनी हे नियम तिथे लावू नयेत, त्यावर वेगळे लिहू. ज्यांची गाडी विकून झाली आहे पण आरसी अजून आपल्याच नावावर दिसते, त्यांनी पॉलिसी आणि फॉर्म २९ ची कॉपी घेऊन कार्यालयात यावे, अर्ज आपण इथेच लिहून देऊ.