दुचाकीवरील दिशादर्शक यंत्र : रूढ समज आणि वस्तुस्थिती

पावसाळा ओसरून घाटरस्ते कोरडे पडू लागले, म्हणजे मोटरसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या मंडळींमध्ये टायर, चेन आणि मुक्कामाची ठिकाणे यांच्या बरोबरीने हल्ली हँडलवर बसवायच्या जीपीएस यंत्राचीही चर्चा हिरिरीने होते. आणि गार्मिनच्या 'झुमो' किंवा टॉमटॉमच्या 'रायडर' यांसारख्या, खास दुचाकीसाठी घडविलेल्या यंत्रांची किंमत चांगल्या मोबाइल फोनच्या किमतीला येऊन भिडत असल्यामुळे ही चर्चा निव्वळ हौसेची न राहता खिशाशी येऊन ठेपते. खेद एवढाच, की तीत छातीठोकपणे मांडले जाणारे पुष्कळसे मुद्दे ऐकीव असतात, आणि खरेदीचा निर्णय ज्यांवर ठरावा त्या गोष्टी बहुधा बोलण्यातच येत नाहीत.

सर्वांत दृढमूल समज असा, की मोबाइलची रेंज गेली म्हणजे जीपीएसही गेले. वस्तुतः पृथ्वीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएसचे अमेरिकी उपग्रह आपली स्थिती आणि अचूक वेळ यांचा अखंड पुकारा करीत असतात. हँडलवरचे यंत्र तो पुकारा केवळ ऐकते, प्रत्युत्तर देत नाही, आणि अक्षांश, रेखांश, उंची व स्वतःच्या स्वस्त घड्याळातील चूक ही चार अज्ञाते सोडविण्यासाठी त्याला निदान चार उपग्रह ऐकू यावे लागतात. या सगळ्या व्यवहारात इंटरनेटला कोठेही स्थान नाही. रेंज लागते ती नकाशा उतरवून घेण्यासाठी, वाहतुकीची खबर मिळण्यासाठी आणि ठिकाणांच्या शोधासाठी. लडाखमध्ये परराज्यातील प्रीपेड सिमकार्डे चालत नाहीत. त्यामुळे सरचूच्या पुढे फोनच्या पडद्यावर निळा ठिपका शाबूत असतो, पण त्याच्याभोवतीचा मुलूख कोरा दिसतो, आणि स्वार मात्र दोष उपग्रहांना देतो. नकाशा मनालीलाच, किंबहुना घरीच, फोनमध्ये उतरवून घेतला असता तर तोच फोन तेथेही बिनतक्रार वाट दाखविता.

याच समजाची दुसरी बाजू अशी, की महिनोन्‌महिने कपाटात पडून राहिलेले स्वतंत्र यंत्र पहिल्या दिवशी जागेवर यायला वेळ लावते आणि मालक ते बिघडले म्हणून दुकानात परत नेतो. फोन उपग्रहांचे वेळापत्रक इंटरनेटवरून क्षणार्धात मिळवतो. स्वतंत्र यंत्राला तेच उपग्रहाच्या अतिमंद संदेशातून उतरवून घ्यावे लागते, आणि तो संपूर्ण संदेश एकदा ऐकायला साडेबारा मिनिटे लागतात. मोकळ्या मैदानात गाडी उभी करून एक चहा घेतला, तर बहुतेक यंत्रे तेवढ्यात सुधारतात.

महाग यंत्र अधिक अचूक असते, हाही एक आवडता समज. 2 मे 2000 पर्यंत अमेरिकी सरकार नागरी संदेशात हेतुपुरस्सर घोळ मिसळत असे, आणि त्यामुळे शंभरेक मीटरांची चूक सहज होई. ते धोरण बंद झाल्यापासून मोकळ्या आकाशाखाली साधा फोनही पाच मीटरांच्या आसपासची अचूकता देतो. घाटात चूक वाढते ती यंत्र स्वस्त असल्यामुळे नव्हे, तर संदेश कड्यावर आपटून लांबच्या वाटेने येत असल्यामुळे. आणि दोन वारंवारता ऐकणारी यंत्रे यातून बरीच वाट काढतात, पण अशी सोय 2018 पासून फोनांतही येऊ लागली आहे. आपल्या देशाच्या 'नाविक' या उपग्रह-प्रणालीविषयी पृच्छा करणारे देशाभिमानी ग्राहकही आढळतात. तिचा पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये श्रीहरिकोट्याहून उडाला, आणि भारत व सभोवतालचा सुमारे 1,500 किलोमीटरांचा टापू हे तिचे कार्यक्षेत्र आहे; परंतु तिच्या काही उपग्रहांवरील आयात केलेली आण्विक घड्याळे निकामी झाल्यामुळे तिचा उपयोग इतर प्रणालींच्या जोडीनेच करणे शहाणपणाचे ठरते. केवळ त्या एका शब्दाखातर यंत्र निवडू नये.

खरी गोम आहे ती नकाशात. जानेवारी 2021 मध्ये अकोले तालुक्यातील कोतूळजवळ पुण्याहून निघालेली एक मोटार रात्रीच्या वेळी थेट पाण्यात गेली आणि आतील एकाचा बुडून मृत्यू झाला. फोनने दाखविलेला रस्ता नकाशात होता, पूलही होता, पण धरणाच्या पाण्याखाली तो वर्षातले काही महिने जातो ही गावातल्या पोरासोरांना ठाऊक असलेली गोष्ट त्या नकाशात नव्हती. उपग्रहांनी त्या रात्री काहीच चूक केली नव्हती. वरंधा घाट पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकमाने वाहतुकीस बंद होतो तेव्हाही हेच घडू शकते : हुकूम कचेरीतून निघतो, नाक्यावर फलक लागतो, पण ज्या यंत्राचा नकाशा गेल्या वर्षी भरलेला आहे त्याला या कशाचीच वर्दी नसते. म्हणून यंत्र घेताना पडदा किती इंच हे विचारण्यापूर्वी भारताचा नकाशा कोणाचा, त्यात तालुक्याखालचे रस्ते कितपत आहेत आणि तो किती वेळा बदलतो, हे विचारावे. 'आजीवन नकाशे' या जाहिरातीतील आजीवन हा शब्द ग्राहकाच्या आयुष्याला लागू नाही. कंपनी त्या यंत्राचे नकाशे पुरवीत राहील तोवरचीच ती मुदत असते, हे दस्तऐवजातील बारीक अक्षरांत नमूद असते.

नकाशाइतकाच घोळ मार्गाच्या फाइलीविषयी आहे. एकाने आखलेली जीपीएक्स फाइल दुसऱ्याच्या यंत्रात घातली की दोघांची वाट एकच, असे गृहीत धरून पाच-सहा जणांचा ताफा निघतो आणि पहिल्याच फाट्यावर विस्कटतो. कारण त्या फाइलीत दोन भिन्न प्रकारची माहिती असू शकते. 'ट्रॅक' म्हणजे ठिपक्यांमागून ठिपके जोडून काढलेली रेघ. तिच्यात यंत्र स्वतःची अक्कल चालवीत नाही. 'रूट' म्हणजे केवळ गाठावयाच्या जागांची यादी. त्या जागांमधला रस्ता प्रत्येक यंत्र आपल्या नकाशाप्रमाणे आणि आपल्या मालकाने निवडलेल्या आवडीनिवडीप्रमाणे नव्याने काढते. पुण्याहून श्रीवर्धनला ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असे जायचे ठरले असताना 'रूट'मध्ये फक्त माणगाव लिहिले असेल, तर एखादे यंत्र आपल्या हिशेबाने भोर, वरंधा, महाड असा फेराही सुचवील, आणि त्याच्या परीने ते बरोबरच असेल. त्यातही झुमोसारख्या यंत्रांत मधल्या जागांच्या दोन जाती असतात : एक, जिथे थांबलेच पाहिजे अशी, आणि दुसरी, रस्त्याला केवळ वळण देण्यासाठी टाकलेली. पौडच्या पेट्रोल पंपाला चुकून पहिल्या जातीत टाकले आणि टाकी भरलेली असल्यामुळे स्वार तो ओलांडून गेला, की यंत्र पुढचे कित्येक किलोमीटर 'मागे वळा' असा लकडा लावते. निघण्यापूर्वी ताफ्यातील प्रत्येकाने फाइल उघडून वाट डोळ्यांखालून घातली, तर सकाळचा हा तमाशा टळतो.

आता फोन की स्वतंत्र यंत्र, हा प्रश्न. 'फोन असताना वेगळे यंत्र म्हणजे उधळपट्टी' असे म्हणणारे आणि 'फोनवर भरवसा ठेवणारा स्वार अडाणी' असे म्हणणारे, असे दोन पक्ष आहेत आणि दोघांचेही अर्धे बोलणे खरे आहे. ॲपल कंपनीने सप्टेंबर 2021 मध्ये स्वतःच जाहीर केले, की शक्तिशाली मोटरसायकलींच्या इंजिनांची कंपने हँडलमार्गे दीर्घकाळ पोहोचल्यास आयफोनच्या कॅमेऱ्यातील प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा क्षीण होऊ शकते. त्याच कंपनीने फोन वापरण्यासाठी बाहेरच्या तपमानाची मर्यादा 35 अंश सेल्सिअस सांगितली आहे. विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी, चार्जिंग चालू असताना, उन्हाच्या झोतात ठेवलेल्या फोनचा पडदा मंद का होतो याचे उत्तर त्यात आले. पावसाचे थेंब पडद्यावर बोटासारखे वागतात आणि नकाशा आपोआप सरकू लागतो, हा अनुभव कोकणात जाणाऱ्यांना नवा नाही. 'आयपीएक्स 7' हे मानांकनदेखील नीट समजून घ्यावे : एक मीटर स्थिर पाण्यात अर्धा तास, एवढीच त्याची हमी आहे; धावत्या गाडीवर समोरून येणारा पावसाचा मारा ही वेगळी परीक्षा असते, आणि चार्जिंगची वायर खुपसलेल्या फोनच्या तोंडाला ती हमी पुरत नाही. दुचाकीसाठीच्या यंत्रात वीज बैठकीतील धातूच्या टोकांतून मिळते, हातमोज्यांनी पडदा चालतो आणि भर उन्हात तो वाचता येतो. पैसे मोजायचे ते या गोष्टींचे. तथापि आठवड्याच्या सुट्टीत महाबळेश्वर किंवा हरिहरेश्वर गाठणाऱ्या स्वाराने घरात पडून असलेला जुना फोन, कंपन शोषणारी बैठक आणि आधी उतरवलेला नकाशा एवढ्यावर भागवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतंत्र यंत्राचे मोल वसूल होते ते आठ-पंधरा दिवसांच्या, ऊनपावसाच्या आणि बिनरेंजच्या प्रवासांत.

गाडीबरोबर मिळणाऱ्या पडद्यांविषयीही खुलासा आवश्यक आहे. रॉयल एनफिल्डने 2020 मध्ये मेटिऑर या मोटरसायकलवर दिलेला 'ट्रिपर' हा गोल पडदा अनेकजण जीपीएस यंत्र समजतात. परंतु वाट शोधण्याचे काम खिशातला फोनच करतो, आणि ट्रिपर ब्लूटूथवरून आलेले वळणाचे बाण तेवढे दाखवतो. फोनची बॅटरी संपली की बाणही संपले.

कायद्याच्या बाबतीत दोन टोकांचे समज आढळतात. गाडीवर फोनला हातच लावायचा नाही, असे काहींना वाटते. प्रत्यक्षात ऑक्टोबर 2020 पासून अमलात आलेल्या केंद्रीय नियमातील दुरुस्तीने, चालकाची एकाग्रता भंगणार नाही अशा बेताने, केवळ मार्गदर्शनासाठी असा वापर करण्यास मुभा दिली आहे. याउलट परदेशातून मागवलेले, उपग्रहामार्फत संदेश पाठविणारे उपकरण हेही जीपीएसच, म्हणून ते निर्धास्तपणे बाळगणारे आहेत. येथे सावध राहिले पाहिजे. ऐकणारे यंत्र आणि बोलणारे यंत्र यांत कायदा भेद करतो. उपग्रह-संवादाची साधने परवान्याविना बाळगण्यास भारतात मज्जाव आहे, आणि डिसेंबर 2024 मध्ये गोव्याच्या दाबोळी विमानतळावर असे उपकरण सापडल्यावरून एका परदेशी प्रवाशाला पोलिसी कारवाईला तोंड द्यावे लागले होते.

राहता राहिला विजेचा मामला. हँडलवर बसवायच्या यंत्रांची आतली बॅटरी काही तासच पुरते, म्हणून वायरिंग करावेच लागते, आणि पुष्कळजण सोयीखातर वायर थेट गाडीच्या बॅटरीला जोडून मोकळे होतात. तसे केल्यास यंत्र रात्रभर वीज ओढत राहू शकते, आणि आजच्या बहुतेक मोठ्या मोटरसायकलींना किक नसल्यामुळे सकाळी गाडी ढकलण्यावाचून गत्यंतर उरत नाही. जोडणी चावीबरोबर बंद होणाऱ्या वायरवरून, मध्ये फ्यूज घालून घ्यावी, मूळ वायर कापण्यापूर्वी वॉरंटीच्या अटी पाहाव्यात, आणि हे काम प्रवासाच्या आदल्या रात्री न करता निदान आठवडाभर आधी उरकून एका पावसात किंवा गाडी धुताना तपासून घ्यावे.